हत्तीची कातडी

बंगळूर, मंगळवार संध्याकाळ

आज पहिलीच्या मुलांना पोत शिकवला. चित्रातल्या मेंढीला कापूस चिकटवला, मगरीला सँडपेपर. हत्तीसाठी खाकी कागद चुरगाळून पुन्हा सपाट केला आणि म्हटलं, डोळे मिटून हात फिरवा, कसं लागतं सांगा. सान्वी बराच वेळ फिरवत राहिली. मग म्हणाली, "मिस, हा तर आमच्या अज्जांचा हात!" आजोबांना अज्जा म्हणते ती. सगळी मुलं हसली. मला हसू आलं नाही.

तो चुरगाळलेला कागद पर्समध्ये टाकून घरी आणला. का, कोण जाणे. बाबा नागपूरला एकटे. रोज व्हिडिओवर दिसतात, बोलतात. पण त्यांचा हात कसा लागतो, ते आठवेचना. खरखरीत? की आता मऊ पडलाय? कागदावर बोटं फिरवून पाहिली. नाहीच आठवलं.

शेवटी फोन लावला. "बाबा, तुमचा हात दाखवा ना."

"काय झालं गं? बरं नाही का तुला?" म्हणत त्यांनी तळवा कॅमेऱ्यावरच ठेवला. स्क्रीन काळी झाली.

"दिसला?"

"नाही हो, बाबा."

"मग ये ना इकडे," ते म्हणाले, आणि हात काही काढेनात.