तीन तारा खाली

३ फेब्रुवारी
तो आज कपाट आणि पलंग घेऊन गेला. आमचा संसार टेम्पोत मावतो – तोही अर्ध्या. जाताना म्हणाला, "पुस्तकं पुढच्या रविवारी नेतो." मी म्हटलं, "बरं."
बेडरूम रिकामी. तिथे गिटार वाजवली तर आवाज दुप्पट घुमतो.

४ फेब्रुवारी
सहावी तार सैल करून एक स्वर खाली आणली. छान गुरगुरते. बाकीच्या तारा मात्र तिला ओळख देत नाहीत.

७ फेब्रुवारी
चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे डोळे तपासले. "हे स्पष्ट की आधीचं?" घरी येऊन खुंट्या पिळत स्वतःला तोच प्रश्न. पाचवी खाली – नको. तिसरी वर चढवली – तुटली. मनगटाला चाटून गेली.
तेवढ्यात ताईचा फोन. "रडलीस का तरी?"
"तार बदलतेय."
"धन्य आहे! अगं, थांब म्हणाली असतीस तर थांबला असता तो."
म्हणाले होते. दोनदा. ताईला ते माहीत नाही, आणि सांगायचंही नाही.

९ फेब्रुवारी
सापडलं. पहिली, दुसरी आणि सहावी – तिन्ही एकेक स्वर खाली. काहीही न दाबता सगळ्या तारा छेडल्या की जे वाजतं ते ना हसरं, ना रडवं. नुसतं उभं राहतं. त्यावर एक धून बसतेय. अंगठा खर्जाच्या तारेवर सारखा चालता, वर दोन बोटांत सूर. मधला भाग अजून लंगडतोय.
दुकानाला उशीर झाला. मालक घड्याळाकडे बघून खोकले. तेवढंच.

११ फेब्रुवारी
तो आला. पुस्तकं खोक्यांत भरत होता, मी आतल्या खोलीत वाजवत होते. दारात येऊन उभा राहिला.
"कुणाची आहे?"
"माझी."
"आधी कधी वाजवली नाहीस."
"आधी नव्हती."
खोक्यावर बसून त्याने ती पूर्ण ऐकली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मग म्हणाला, "शेवट अधांतरी वाटतो. मूळ सुरावर येऊन थांबायला हवी."
त्याचा कान चांगला आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही.

१३ फेब्रुवारी
त्याच्या म्हणण्याप्रमाणे शेवट करून पाहिला. नीटनेटका झाला. पाहुणे यायच्या आधी आवरलेल्या घरासारखा. दोन दिवस तसाच ठेवून बघते.

१५ फेब्रुवारी
काढून टाकला. धून आता पूर्ण झाली. मोबाईलवर रेकॉर्ड केली, ताईला पाठवली. तिचं उत्तर – "छान गं. पण पुढे काय?"
धुनीचं विचारत नसावी.

१९ फेब्रुवारी
संध्याकाळी दुकान बंद केलं तर तो बाहेर उभा. म्हणाला, "परत येऊ का?"
"नको," म्हणाले. विचारही करावा लागला नाही.
मग त्याची बस येईपर्यंत दोघंही तिथेच उभे होतो.