ईरम्माच्या पाण्याची भिंत

सोलापूर,
७ फेब्रुवारी २०२५

ती. आप्पांच्या चरणी,
विजयमालाचा सा. न. वि. वि.

फोन करून उपयोग नाही. मी इकडे घसा फोडून सांगते आणि तुम्ही तिकडे नातेपुत्यात सगळ्याला हां हां म्हणून भलतंच विचारता. म्हणून पत्र. मास्तरांच्या लेकीचं आहे, तेव्हा चुकांवर लाल शाई मारून परत पाठवू नका.

गड्ड्याची जत्रा संपली तसा भीमाशंकर मिस्त्री उगवला आणि एकदाचा पाया भरून झाला. यांची एसटीची ड्युटी, आज इथं तर उद्या हैदराबादला. त्यामुळे शाळेच्या ऑफिसात जायच्या आधी आणि सुटल्यावर बांधकामावर मीच. विटांची पहिली गाडी आली त्यातली एक वीट पिंपात टाकून पाहिली, तर जेवण होईतो तिचा चिखल. सगळी गाडी परत धाडली. तुमी लई कडक हाय ताई, असं मिस्त्री म्हणतो.

पाण्याची काळजी होती. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं आणि बांधकाम तर नुसतं पाणी पितं. ती काळजी शेजारच्या ईरम्मानं मिटवली. एकटीच असते, विड्या वळते. तिच्या बोअरला पाणी आहे. तिनं आपणहून स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाइप बाहेर काढला. पैशांचं विचारलं तर रागावलीच. पाणी काय इकायचं आसतंय व्हय, म्हणाली.

आता तुमच्या खोलीचं. नकाशात ईरम्माच्या बाजूला तीन फूट जागा मोकळी सोडायची होती. पण मग खोली इतकी अरुंद होते, की तुमचा वॉकर आत वळत नाही आणि लागून बाथरूमही बसत नाही. हितं कोण सोडतंय जागा, असं मिस्त्री म्हणाला, आणि आम्ही भिंतीचा पाया हद्दीपर्यंत नेला. एक गंमत सांगते. हा पाया कशाचा, म्हणून ईरम्मानं विचारलं. मिस्त्रीनं ठोकून दिलं, कंपाऊंडचा. मग बरं हाय की, कमरेइतकी भिंत झाली की कुत्री येनार न्हाईत, असं म्हणून ती खूश. मी तिथंच चहा पीत होते. हसू दाबताना ठसका लागला मला.

पाय शेकत जा. तुमचा लोभ आहेच, तो असाच राहावा.

तुमची,
विजयमाला

---

नातेपुते,
१५ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. विजयमाला हीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळाले. लाल शाई संपली आहे म्हणून वाचलीस.

विटांची गाडी परत पाठवलीस हे वाचून छाती फुगली. तुझ्या आईनेही बाजारातल्या कितीतरी वांग्यांना असेच परत पाठवले आहे. ती गेल्यापासून हे घर मला खायला उठते. कुणापाशी बोललो नाही, पण तुझ्या घरात माझी म्हणून खोली होते आहे, या विचारानेच हल्ली झोप लागते. बाथरूम आतच असेल तर सोन्याहून पिवळे. अंधारात अंगण ओलांडायची आता भीती वाटते.

कंपाऊंडची गंमत मी हॉटेलात चहा पिताना सांगितली. माणसे पोट धरून हसली. तुझा मिस्त्री बेरकी दिसतो.

एकच मागणे आहे. खोलीत उजेड भरपूर असू दे. कान गेले, आता डोळ्यांवरच सगळी मदार. दिव्याखाली पेपर वाचणे मला जमत नाही. पूर्वेला मोठी खिडकी ठेव.

धनाजीरावांस नमस्कार. थकत असशील, जपून राहा आणि म्हाताऱ्याला लिहीत जा.

तुझा,
आप्पा

---

सोलापूर,
१७ मार्च २०२५

ती. आप्पांस,
सा. न. वि. वि.

उशीर झाला, रागावू नका. वाळूची गाडी आठवडाभर आलीच नाही. ती आली तेव्हा मिस्त्री मेहुणीच्या लग्नाला गेलेला. तो आला तर मिक्सर बिघडला. घर पाहावं बांधून म्हणतात, ते आता हाडात मुरलं.

भिंती मात्र छान चढल्या आहेत. तुमच्या खोलीची पूर्वेची खिडकी एवढी मोठी धरली आहे, की आत बसून पंचांगसुद्धा वाचाल. भिंतींना पाणी मारायचं काम ईरम्मानंच उचललं. मला सकाळी शाळेची घाई असते, तर तुमी जावा की, मी मारते, म्हणाली. सकाळ-संध्याकाळ मारते. दुपारी ऊन तापलं तर ओली पोती टाकून भिंत झाकते. तिच्या बाजूची तर लेकरासारखी सांभाळते. होळीला मी पुरणाच्या पोळ्या नेऊन दिल्या.

हल्ली पाइप तिच्या पुढच्या दारातून येतो, मोठा वळसा घालून. खिडकीतून काढायला आता जागा राहिली नाही. भिंत खिडकीच्या वर गेली. ती काही बोलली नाही. मीही नाही. मी यांच्याजवळ विषय काढला तर हे म्हणाले, ती बोलली का? नाही ना? मग तू कशाला उकरून काढतेस? आणि तिच्या जुन्या घरानं तरी कुठं जागा सोडली आहे? तेही खरंच आहे म्हणा.

बाकी सर्व ठीक. माया असू द्यावी.

विजयमाला

---

सोलापूर,
१ एप्रिल २०२५

ती. आप्पांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या उत्तराची वाट न पाहता लिहिते आहे. मन थाऱ्यावर नाही.

पाडव्याला गाठी घेऊन ईरम्माकडे गेले, स्लॅबच्या जेवणाचं आमंत्रणही द्यायचं होतं. इतके दिवस तिचं पाणी वापरलं, पण तिच्या घरात मी पहिल्यांदाच पाऊल टाकलं. भर दुपारी आत बल्ब लावलेला. चुलीजवळची खिडकी उघडीच होती, आणि उघड्या खिडकीत आपल्या विटा. हात बाहेर काढला असता तर बोटं टेकली असती. त्या खिडकीखाली एक जुनं पोतं अंथरलेलं आहे. तिथं बसून ती इतकी वर्षं विड्या वळत आली. आता सूप घेऊन दारात उन्हात बसते. भिजवलेली पानं उन्हानं कडक होतात, वळताना फाटतात, आणि कारखान्यात त्या विड्या खराब म्हणून बाजूला काढतात. आत बसावं तर बल्बच्या उजेडात तिला दोरा दिसत नाही.

मी विचारलं, तुम्ही बोलला का नाहीत? ती खाली बघूनच म्हणाली, की कंपौंड म्हनून सांगितलं हुतं, तर रोज पाणी मारताना वाटायचं, आता ह्यो शेवटचा थर आसंल. मग खिडकी झाकली तवा कळलं. पण तवा बोलले आसते तर तुमाला वाटलं आसतं, ही दिलेल्या पाण्याचं बोलून दाखवतीया.

आप्पा, तिनं पाणी दिलं म्हणून तिचं तोंड बंद झालं. आणि आम्ही पाणी घेऊन उघड्या तोंडानं खोटं बोललो. मी गाठी तिच्या हातात दिल्या, तिनं माझ्या हातावर साखर ठेवली, ती तशीच मुठीत धरून मी घरी आले. अशी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

आठवड्याभरात सेंट्रिंगच्या फळ्या लागतील. एकदा स्लॅब पडला की ती भिंत कायमची. पाडायची म्हटलं तर तुमची खोली जाते. हे म्हणतात, शेजारणीसाठी सासऱ्यांना अंधारात अंगण ओलांडायला लावू का? मला काही सुचत नाही. तुम्ही सांगाल तसं करीन.

विजयमाला

---

नातेपुते,
५ एप्रिल २०२५

चि. सौ. विजयमालास आशीर्वाद.

पत्र वाचून चष्मा काढून ठेवला. आधी माझी लाज वाटली, मग तुझी. तू पहिल्याच पत्रात सगळे लिहिले होतेस. मी मास्तर माणूस, जन्मभर पोरांच्या खोड्या पकडल्या, आणि ती गंमत म्हणून चार माणसांत सांगून आलो. वर तुझ्याकडे उजेड मागितला. तो कुणाच्या घरातून निघतो आहे हे विचारायचे मला सुचले नाही.

फळ्या लागण्याआधी भिंत पाड. माझी खोली नकाशाप्रमाणेच होऊ दे. वॉकर वळला नाही तर दाराशी ठेवीन आणि भिंत धरून पलंगापर्यंत जाईन. बाथरूम बाहेर असेल तर धनाजीरावांनी एक दिवा लावून द्यावा, म्हणजे झाले. मी त्यांना वेगळे लिहितो आहे. भिंत राहिली तर वास्तुशांतीला माझे पान मांडू नकोस.

आणि पाडण्याआधी त्या बाईंना तोंडाने सांग, की आम्ही खोटे बोललो. मिस्त्रीवर ढकलू नकोस. तू चहा पीत होतीस.

रागावलो आहे, पण लेकीवरची माया रागाला भीत नाही.

आप्पा

---

सोलापूर,
१६ एप्रिल २०२५

ती. आप्पांस,
सा. न. वि. वि.

भिंत पाडली. तुमचं पत्र वाचून यांनी स्वतःच रजा टाकली आणि घण घेऊन उभे राहिले.

भीमाशंकरचा अंदाज होता, की दुपारपर्यंत होईल. भिंत फुटेना. घण नुसता उडून परत येई. मिस्त्री घामाघूम होऊन म्हणाला, लई बांधली आन् लई पाडली, पर आसली घट्ट भिंत न्हाय बघितली. पाणी कुणी मारलंय ह्याला? बोलून गेला आणि त्याचं त्यालाच उमगलं. घण खाली ठेवून तंबाखू मळत बसला. दुसऱ्या दिवशी आणखी दोन माणसं लावली, तेव्हा ती पडली.

आता जे लिहायचं टाळते आहे ते. तुम्ही आधी सांग म्हणाला होतात. मी सांगितलं नाही. दोनदा तिच्या दारापर्यंत गेले आणि विटांचा हिशोब आठवल्यासारखं करून परत फिरले. मनात म्हटलं, भिंत पडली की तिला कळेलच, वेगळं काय सांगायचं? पाडायला सुरुवात केली त्या सकाळी तिची खिडकी बंद दिसली. वाटलं, रागावली. खरं सांगते, मला बरंच वाटलं. तिनं रागवावं, म्हणजे माझी फिटंफाट होईल.

काल राडारोडा उचलला. नवा पाया तीन फूट आत आखला. ऊन थेट तिच्या खिडकीच्या फळ्यांवर आलं, तरी खिडकी बंदच. मी मिस्त्रीला विचारलं, धुळीमुळे बंद ठेवली असेल का? तो म्हणाला, मी इचारलं हुतं तिला. म्हनली, मी खिडकीत बसून बघत ऱ्हायले तर ताईला लाज वाटंल. त्येंचं सगळं होऊ दे, मग उघडते.

आप्पा, ती अजूनही बल्बखालीच बसली आहे. आता तिच्या उजेडाच्या आड कुणाची भिंत नाही, मीच आहे. मी जाऊन बोलेपर्यंत ती खिडकी उघडणार नाही. हे पत्र पोस्टाच्या पेटीत टाकते आणि तशीच तिच्या दारात जाते.

आशीर्वाद असू द्या, आज लागणार आहे.

तुमची,
विजयमाला