जेरींच्या इंजिनातले दोन मिलिमीटर

ॲथलोन,
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

ऑगस्टच्या पत्रात मी एक गोष्ट चुकीची लिहिली, ती आधी दुरुस्त करते. स्पर्धेच्या मैदानावर जेरी आणि ख्रिस्टी यांचं भांडण झालं तेव्हा मी चहा आणायला गेले होते, असं लिहिलं होतं. मी कुठेही गेले नव्हते. जेरींचा कोट हातात धरून मी त्या दोघांच्या मध्ये उभी होते आणि गप्प राहिले.

जेरी गेले, बाबा. मंगळवारी सकाळी गोठ्यातून घराकडे येताना अंगणातच कोसळले. गुरुवारी पुरलं. आईला फोनवर एवढंच सांगता आलं. चाळीस वर्षं इंजिनांजवळ काढल्यावर तुम्हाला फोनवरचं ऐकू येत नाही, म्हणून नेहमीसारखं कागदावर लिहून फोटो पाठवते आहे. खरं तर हे मला मोठ्यानं बोलताही आलं नसतं.

दोन वर्षं मी जेरी आणि नोरीन यांच्या घरी भाड्यानं राहते आहे, पण मागच्या हिवाळ्यापासून भाडेकरूसारखं कुणी वागवत नव्हतं. जूनमध्ये जेरी म्हणाले की वडिलांच्या ट्रॅक्टरचे व्हॉल्व्ह गळतात, तू मिस्त्रीची मुलगी, बघ जरा. ट्रॅक्टर १९५४चा. दर ऑगस्टला ते तो वजन ओढायच्या स्पर्धेत उतरवायचे, आणि तेही ज्या गटात इंजिन कारखान्यातून आलं तसंच असावं लागतं त्या गटात. एकोणीस वर्षांत कधी चौथ्याच्या वर आले नव्हते.

मी इंजिनाचं वरचं हेड उतरवलं, व्हॉल्व्ह बसवले, गास्केट बदललं. हवा आत जायच्या वाटेवर मॅनिफोल्डचं भोक आणि हेडचं भोक नीट जुळत नव्हतं, मध्ये पायरी होती. आत ओतकामाची खरखर होती. सातव्या वर्षी तुम्ही शिकवलंत तसंच केलं. दांडीला पॉलिश पेपर गुंडाळला आणि करंगळी कुठेही न अडता आत जाईपर्यंत घासत राहिले. आपल्या वर्कशॉपमधून याशिवाय एकही हेड बाहेर पडत नाही आणि आपण त्याला सफाई म्हणतो. जेरींना मी तेच सांगितलं, हेड साफ केलं. ते म्हणाले, ग्रँड, म्हणजे इथलं झकास.

या वेळी ट्रॅक्टरनं वजनाची घसरगाडी चौऱ्याहत्तर मीटर ओढली. एरवी साठच्या आसपास थांबायचा. ख्रिस्टी हे जेरींचे शाळेपासूनचे मित्र. ते एकाहत्तरवर थांबले. त्यांनी चालू इंजिनाजवळ कान नेला आणि म्हणाले, ह्याचा श्वास बदललाय, आत कुणाचा तरी हात फिरलाय. जेरी आधी हसले. मग चिडून त्यांनी आईची शपथ घेतली की आतलं काहीही बदललेलं नाही. ख्रिस्टी म्हणाले की मग तू मेलेल्या आईलाही खोट्यात ओढलंस.

आपण जिला सफाई म्हणतो तिनं इंजिन जास्त हवा ओढतं, आणि तिला इथे लबाडी म्हणतात, ते मला त्याच क्षणी कळलं. घरी गेल्यावर सांगू म्हटलं. घरी पहिल्या नंबराचा कप नोरीननी खिडकीत मांडला होता.

मागच्या रविवारी जेवताना जेरी म्हणाले की कप भंगारात गेला तरी चालेल, पण ख्रिस्टी मला चोर समजतो. मग माझ्याकडे वळून म्हणाले, तूच उघडलं होतंस, सांग, आत काही केलेलं नाही ना? मी नाही अशी मान हलवली. दोन दिवसांनी ते गेले.

गुरुवारी अंत्यविधीच्या वेळी ख्रिस्टी चर्चबाहेर रस्त्याच्या पलीकडे टोपी काढून उभे होते. आत येऊ नका, असा नोरीननी निरोप पाठवला होता.

काय करू ते सांगा. रागावलात तरी सांगा.

तुमची,
केतकी


कोपरगाव,
मंगळवार, १६ सप्टेंबर

चि. केतकीस, अ. उ. आ.

पत्राचा फोटो तुझ्या आईनं मोठा करून दाखवला. आधी स्वतः वाचून घेतला, हे सांगायला नकोच. मग माझ्याकडे पाठ करून बराच वेळ भांडी आवरत बसली. ती भांडी आधीच आवरलेली होती.

जेरींना मी कधी भेटलो नाही. तरी आज वर्कशॉपचं शटर अर्धंच उघडलं.

आता नीट ऐक. हेड उघडलं की वाट घासायची, ही या घराची रीत आहे. चूक धरायची तर शिकवणाऱ्याची धर. जेरी खोटं बोलले नाहीत, त्यांना जेवढं ठाऊक होतं तेवढं खरंच होतं. नोरीनबाईंकडे नवऱ्यानं जिंकलेला एकच कप आहे. तू सांगितलंस तर तुझ्या डोक्यावरचं उतरेल आणि त्यांच्या डोक्यावर चढेल. गेलेल्या माणसाची शपथ खोटी पाडू नये. गप्प राहा, त्यांच्याजवळ राहा, वेळेवर जेव. आई म्हणते की स्पर्धेच्या दिवशीच्या फोटोत तुझी मनगटं काड्यांसारखी दिसतात.

किती मिलिमीटर काढलंस ते कळव. बाप म्हणून नाही, मिस्त्री म्हणून विचारतो.

सुखी राहा.
तुझे बाबा


ॲथलोन,
रविवार, २८ सप्टेंबर

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

दोन्ही वाटांत, खालच्या अंगाला, दोन मिलिमीटर. वरच्या बाजूला फक्त खरखर काढली.

तुमचं ऐकायचं ठरवलं होतं. आजपर्यंत ऐकलं.

शेडमध्ये स्पर्धेच्या नियमांची पुस्तिका खिळ्याला टांगलेली आहे. काल वाचली. त्या गटात हेडच्या आतला पृष्ठभाग ओतला तसाच राहिला पाहिजे, घासणंसुद्धा चालत नाही, असं स्वच्छ लिहिलंय. जूनभर मी त्याच खिळ्याला माझा एप्रन अडकवत होते.

पण मी लिहायला बसले ते त्यासाठी नाही. जेरी गेल्यापासून वासरांपुढे रोज सकाळी चारा पडलेला असायचा. नोरीनना वाटत होतं मी टाकते, मला वाटत होतं त्या टाकतात. गुरुवारी आम्ही दोघी एकदमच बाहेर आलो, तर गोठ्यात ख्रिस्टी होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, दोन मैल चालत येतात. नोरीन त्यांना म्हणाल्या की जेरीचं हृदय आजारानं नाही थांबलं, तुझ्या त्या एका शब्दानं थांबलं, तू मारलंस त्याला. ख्रिस्टींनी बादली जागेवर ठेवली, फाटकाची कडी घातली, वासरं बाहेर जाणार नाहीत हे हलवून पाहिलं, आणि गेले.

इथे माणूस गेल्यावर महिन्यानं चर्चमध्ये त्याच्यासाठी प्रार्थना ठेवतात, आपल्या मासिकासारखी. ती १२ ऑक्टोबरला आहे. त्याही दिवशी ख्रिस्टी आत येता कामा नयेत, असं नोरीननी पाद्रींना कळवलंय.

बाबा, तुम्ही म्हणता गेलेल्याची शपथ सांभाळ. ती सांभाळताना एक जिवंत माणूस मारेकरी ठरतोय, आणि तो खरं बोलला होता. जेरींना मी त्या रविवारी खरं सांगितलं असतं, तर सोमवारी ते काठी घेऊन ख्रिस्टींच्या दारात गेले असते. शिव्या दिल्या असत्या आणि चहा पिऊन परत आले असते. एक दिवस होता माझ्या हातात.

तुमच्या शब्दाबाहेर जायची सवय नाही, म्हणून विचारते आहे.

तुमची,
केतकी


कोपरगाव,
बुधवार, १ ऑक्टोबर

चि. केतकीस, अ. उ. आ.

दोन मिलिमीटर. तीन दिवस कागदावर मांडून पाहतो आहे. व्हॉल्व्ह गळायचे थांबले, त्यानं पुष्कळ ताकद आली असेल. माती कोरडी असेल. चौदा मीटरमधले किती तुझ्या घासण्याचे आणि किती नाहीत, हे मला सांगता येत नाही, आणि मला आलं नाही तर कुणालाच येणार नाही. कदाचित जेरी तसेही जिंकले असते. हे लिहावं की नाही, कळत नव्हतं. पण तू खरं विचारतेस, मग मी अर्धं कसं देऊ?

माझं मागचं पत्र नोरीनबाईंच्या काळजीपोटी नव्हतं. मला माझ्या वर्कशॉपची रीत चुकीची ठरायला नको होती. आमच्याकडे गिऱ्हाईक विचारत नसे आणि आम्ही सांगत नसू. तुला हात शिकवला पोरी, विचारायचं शिकवलं नाही. घासण्याआधी मालकाला विचारायचं, एवढं एकच वाक्य राहिलं माझ्याकडून.

सांग त्यांना.

आई म्हणते, आधी नोरीनबाई, मग ख्रिस्टी. दोघांना एकत्र बसवू नकोस आणि हातात काही गोडधोड नेऊ नकोस. रडलीस तर रड, पण त्यांनी तुझी समजूत काढायची वेळ त्यांच्यावर आणू नकोस. घराबाहेर काढलं तर भांडू नकोस, तिकीट काढ. तुझ्या खोलीत मी पिस्टनची खोकी ठेवली आहेत, ती अर्ध्या तासात हलवीन.

आमचा दोघांचा हात तुझ्या पाठीवर आहे.
तुझे बाबा


ॲथलोन,
रविवार, ५ ऑक्टोबर

ती. बाबांस व ती. सौ. आईस, सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. जेरी तसेही जिंकले असते, हे वाक्य मी वाचलं आणि कागद उलटा ठेवला. त्यांचं ते जिंकणं आता कुणालाच त्यांना परत देता येणार नाही. तरी लिहिलंत ते बरं केलंत.

काल नोरीन जेरींचे शर्ट इस्त्री करत होत्या, वाटून टाकायला. त्यातला निळा, जाड कापडाचा, बाजूला काढून मला म्हणाल्या की हा तुझ्या वडिलांना पाठव, जेरी म्हणायचा की त्या माणसानं मुलीला चांगलं तयार केलंय. मी घेतला. तो टेबलावर आहे. त्यांनी सगळं ऐकल्यावर पुन्हा दिला तरच पाठवीन.

काय सांगायचं ते इंग्रजीत लिहून काढलंय. सुरुवातीला दहा ओळी होत्या, आमच्या वर्कशॉपची रीत, मला नियम ठाऊक नव्हता, असं सगळं. ते खोडलं. आता चारच ओळी आहेत. आत हात माझा फिरला. ख्रिस्टी खरं बोलले. जेरीही खरं बोलले. मला दोन वेळा विचारल्यासारखं झालं, एकदा मी गप्प बसले आणि एकदा खोटी मान हलवली. कपाचं काय करायचं ते नोरीन ठरवतील. स्पर्धा भरवणाऱ्या क्लबला पत्र मी माझ्या सहीनं देईन.

त्या मला क्षमा करतील असं वाटत नाही. मी त्यांच्या जागी असते तर केली नसती. फक्त प्रार्थनेच्या दिवशी ख्रिस्टींना पुन्हा रस्त्यावर उभं राहायला लागू नये.

तुमची माया अशीच असू द्या, मी त्या लायक वागेन.

तुमची,
केतकी

ता. क. आधी नोरीन, मग ख्रिस्टी, दोघांनाही एकाच दिवशी, सकाळचा चहा झाल्यावर. शनिवार, ११ ऑक्टोबर.