पांढरे सोळा मोहरे

मी, वय बहात्तर, चित्रकलेचा निवृत्त शिक्षक, अविवाहित, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाचाही दबाव नसताना लिहून ठेवत आहे. हात थोडा कापतो, डोकं जागेवर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात धाकट्या भावाचे नाव मी मुद्दाम घातले नव्हते.

१. राहत्या दोन खोल्या माझ्या पुतणीला द्याव्यात. उत्तरेच्या खिडकीला पडदा लावू नये, अशी विनंती, हुकूम नाही.

२. कोळशाच्या कांड्या, पेस्टलच्या तीन पेट्या आणि चित्र टेकवायची लाकडी घोडी शाळेला. मात्र ज्या मुख्याध्यापकांनी वर्षानुवर्षं माझा तास गणिताला देऊन टाकला, त्यांनी माझ्या शोकसभेत बोलू नये.

३. बुद्धिबळाच्या काळ्या मोहऱ्यांबद्दल सविस्तर लिहिणं भाग आहे. भाऊ लेथवर लाकूडकाम करायचा. हा संच त्याने आम्हा दोघांसाठी घडवला. घोडे लेथवर होत नाहीत, ते पटाशीने कोरले. एकोणीस वर्षांपूर्वी आईच्या ऑपरेशनच्या कागदावर मी त्याला न विचारता सही केली. आई ऑपरेशनमधून उठली नाही. तो एवढंच म्हणाला, "दादा, मला विचारायचं तरी होतंस."

मी म्हणालो, "तुला काय कळतं त्यातलं? लाकडं सोलणारा तू."

त्याने सदऱ्याच्या घोळात पांढरे मोहरे भरले आणि तो निघून गेला. त्यानंतर आमचं बोलणं नाही. गेल्या वर्षी भावजय दारात आली. "भाऊजी, हे गेले. तीन महिने झाले. तुम्हाला कळवायचं नाही असं बजावलं होतं त्यांनी. पण मला राहवेना."

४. मी चित्रं काढायला पांढरे मोहरे मागितले. ती म्हणाली, "न्यायचे नाहीत. इथेच बसून काढा काय काढायचं ते." सोळा रविवार मी तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. पांढरं काढायचं तर कागद करडा लागतो. आधी कोळशाची सावली, मग पेस्टलचा उजेड. एका घोड्याच्या मानेवर पटाशी घसरलेली दिसते. तेही तसंच काढलं आहे. ही सोळा चित्रे भावजयीची. रंग पक्का करणाऱ्या फवाऱ्याने पांढरा मंदावतो म्हणून तो मारलेला नाही. बोट लावू नये, काचेखाली ठेवावीत.

५. शेवटच्या रविवारी मी विचारलं, "माझं नाव काढायचा का गं कधी?"

ती भांडी पुसत होती. "नाव नाही. पण संध्याकाळी पांढरे मांडायचे. राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवायचे आणि बसून राहायचे. उठा म्हटलं की म्हणायचे, थांब, आता दादाची पाळी आहे."

आज काळे मोहरे तिच्याकडे आणले. संपूर्ण पट मांडला. त्याचं प्यादं तिने सरकवलं. मी माझं सरकवलं.

"एवढंच होतं?" भावजय म्हणाली.

"एवढंच होतं."

हे बत्तीस मोहरे पुतणीचे. ते पुन्हा कोणी वेगळे करू नयेत.

साक्षीदार: शेजारचे डॉक्टर (सही), कागद-रंगांचे दुकानदार (सही)
लिहून देणार: (सही)
स्थळ: भावजयीचे स्वयंपाकघर
दिनांक: ४ मार्च २०१८, रविवार