गल्ल्यावरची बरणी

ता. ७ जानेवारी

चि. ठमीस, अ. आ.

माल पोचला. पेंढा इतका ठासून भरला होता की एकही बरणी फुटली नाही. मिस्त्रींना माझी शाबासकी सांग. पण पुढचं वाचण्याआधी ते आसपास नाहीत ना, एवढं बघून घे.

नेहमीसारखी एकेक बरणी टिचकी मारून घेतली. शाळेत मी कशात चमकलो नाही, पण ह्या दोन कानांवर दुकान उभं केलंय हे तुलाही कबूल आहे. मिस्त्रींची बरणी बद्द वाजते. झोपेतून उठवल्यासारखी. बाबांची वाजली की भाव करणारं गिऱ्हाईकसुद्धा बोलता बोलता थांबतं. आता मला सांग, बाबांना जाऊन वर्ष होत आलं, चाकावर मिस्त्री बसतात असं तूच लिहिलंस, आणि हा सगळा माल बाबांसारखा कसा वाजतो?

मनाचा खेळ नको म्हणून डोळे मिटून बसलो आणि तुझ्या वहिनीला जुन्या-नव्या बरण्या सरमिसळ करून वाजवायला लावलं. तिनं आधी विचारून घेतलं, की दार लावू का, नाहीतर लोकांना वाटेल ह्यांचं बिनसलं. मला फरक सांगता आला नाही. मला!

माझा हिशेब सरळ आहे. बाबांनी केलेला माल मिस्त्रींनी मागच्या पडवीत दडवलाय आणि नवा म्हणून खपवतायत. माती-सरपणाचे पैसे तुझ्याकडून घेतायत ते वेगळेच. तू भोळी. त्यात ते बाबांच्या वेळचे, त्यामुळे तुझ्या तोंडून शब्द निघत नसणार.

दुसरं. एका गोदामवाल्याला भट्टीची जागा हवी आहे. बाबांनी ती माझ्या नावावर केली, म्हणून मला विचारतोय. मी अजून हो म्हटलेलं नाही. तू इकडे आमच्यात राहायला ये. दुकानावरची खोली रिकामी आहे, खिडकीतून सगळा रस्ता दिसतो. एकटीनं त्या धुरात काय ठेवलंय?

उत्तर लगेच टाक. लोभ आहेच, त्याला गंज चढू देऊ नकोस.

तुझा,
दादा


ता. १४ जानेवारी

ती. दादास, सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिस्त्री खोलीत असतानाच वाचलं, कारण पोस्टमननं ते त्यांच्याच हातात दिलं. शाबासकी पोचवली. लाजून ते भिंतीकडे बघत राहिले.

पडवीत माल नाही रे. पडवीत फुटकी झाकणं, बाबांची छत्री आणि व्यालेली मांजर आहे. मिस्त्रींनी काही दडवायचं ठरवलं तर ते त्यांनाच आधी सापडणार नाही. चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधणारा माणूस तो.

माल बाबांसारखा वाजतो हे वाचून बरं वाटलं. चांगला वाजतो म्हणून तक्रार करणारा व्यापारी मी पहिलाच पाहिला. वहिनीला म्हणावं, परत कधी डोळे मिटून बसला तर लपून बसावं.

जागा मात्र विकू नकोस. तुझ्याकडे येऊन मी खिडकीतून रस्ता बघत बसू? सासरी मी तेच करत होते. भट्टी गेली तर मी पुन्हा कुणाच्या तरी घरातली एक खोली होईन. एवढंच लिहिते, जास्त लिहिलं तर तुला त्यातही काहीतरी ऐकू येईल.

लहान बहिणीवरचा लोभ कमी करू नकोस, संशय कमी केलास तर चालेल.

तुझी,
ठमी


ता. १९ जानेवारी

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुझी खिडकी बरोबर भट्टीसमोर आहे आणि तुझी नजर अजून तरुण आहे. ठमीकडून सरळ उत्तर येत नाही. मी मुद्दा विचारला, तर तिनं मला मांजर व्याल्याची बातमी दिली. जी बाई एवढी गोड बोलते, ती काहीतरी लपवते. हे मी गिऱ्हाइकांकडून शिकलो.

तर मला एवढंच कळव. भट्टी खरोखर पेटते का? बाहेरून माल येतो का? आणि मिस्त्री दिवसभर काय करतात? तिला कळू देऊ नकोस. गोदामवाला रोज दुकानात येऊन बसतो, चहा माझा पितो, आणि मला काय ते ठरवायचंय.

तब्येतीला जप. माया आहे तशीच ठेव.

तुझा,
ससा


ता. २५ जानेवारी

चि. सशास, अ. उ. आ.

तुझे कान लहानपणी मोठे होते, म्हणून ससा म्हणायचो. आता नाकही खुपसायला लागलास. वर्षभरात आत्याची आठवण झाली नाही, हेरगिरीला मात्र आत्या. असो, तू विचारलंस तेवढंच सांगते.

भट्टी पेटते. माझी वाळत घातलेली चादर काळी होते, ह्याहून मोठा पुरावा देता येत नाही. बाहेरून माती-सरपणाशिवाय काही येत नाही. मिस्त्री सकाळी माती तुडवतात, मग पायरीवर बसून तंबाखू मळतात. आत चाक चाललेलं असतं. झडप लावलेली असते, पण घरघर इथवर ऐकू येते. मी त्याच तालावर सुपारी कातरते.

चाकावर कोण, हे तू विचारलं नाहीस, म्हणून मी सांगत नाही. विचारलंस तरी सांगणार नाही. मला ह्या गल्लीत राहायचंय.

गोदामवाल्याला चहा देणं बंद कर. आपोआप कळेल त्याला किती गरज आहे ते. सुखी राहा, आणि कधीतरी उगाच म्हणून चार ओळी लिही.

तुझी,
आत्या


ता. ३० जानेवारी

चि. ठमीस, आशीर्वाद.

मी आजवर गमतीत लिहीत होतो. आता नाही.

मिस्त्री पायरीवर बसलेले असतात आणि आत चाक चालतं. झडप लावून. कुणाकडून कळलं ते विचारू नकोस. म्हणजे तिसरा कुणीतरी आहे. तो बाबांसारखं काम करतो, म्हणजे कसबी आहे. त्याचं नाव तू मला सांगत नाहीस, म्हणजे सांगण्यासारखं नाही. तू सासर सोडून आलीस तेव्हा लोक काय वाटेल ते बोलले आणि मी एकेकाचं तोंड बंद केलं. आता लोकांनी विचारलं तर मी काय सांगू? आणि हा कसबी उद्या भट्टीवर हक्क सांगायला लागला, किंवा दुप्पट भाव देणाऱ्या दुकानात गेला, तर तू काय करणार आहेस?

बाबांनी हयात घालवून जो नाद कमावला, तो कुणा परक्याच्या हातात गेलेला मला चालणार नाही. दुकानाच्या पाटीवर बाबांचा हात लिहिलाय, भाड्याचा नाही.

पुढच्या रविवारी गोदामवाल्याला घेऊन येतो. सही तिथेच करीन. त्याआधी चाकावर कोण बसतं ते कळव, नाहीतर सामान बांधून ठेव.

दादा


ता. ३ फेब्रुवारी

ती. दादास, सा. न. वि. वि.

ह्या वेळी आशीर्वादातला ‘अनेक’ गाळलास, आणि शेवटचा लोभही. तेव्हाच ओळखलं की आता सांगितल्याशिवाय सुटका नाही.

चाकावर मी बसते.

हसू नकोस आणि लगेच आत्याला विचारायला धावू नकोस. तिला पहिल्यापासून ठाऊक आहे.

तू दुकान थाटलंस त्याच्या पुढच्याच वर्षी मी ट्रंक घेऊन परत आले, आठवतं? बाहेरच्या खोलीत बसलं की शेजारणी माझं तोंड बघायला यायच्या, म्हणून मी मागे मातीत जाऊन बसायची. त्याच सुमारास बाबांचे हात थरथरायला लागले होते. तुला कळवायचं नाही अशी ताकीद होती. बरणी निम्म्यावर यायची आणि कलंडायची.  बाबा ती माती गोळा करून उठायचे आणि अंगणात जाऊन उभे राहायचे. चाक फिरतंच असायचं. फिरतं चाक रिकामं बघवेना म्हणून मी बसले. सासरी मला पाणीसुद्धा धड तापवता येत नाही असं ऐकत आले होते. इथे पहिला महिना माझंही सगळं कलंडलं. मग एक उभी राहिली.

बाबांनी ती उचलून उन्हात धरली आणि तुझ्या मालात घालून दिली. तू निरोप पाठवलास की बाबा, ह्या खेपेला कमाल केलीत, असा नाद आजवर ऐकला नव्हता. बाबा आधी खूप हसले.  मग म्हणाले, की दुकान त्यानं माझ्या नावावर उभं केलंय, ते मोडू नकोस. त्याच्या कानाला एक दिवस आपण होऊन कळलं तर सांग, तोवर गप्प बस. मी गप्प बसले. दर खेपेला वाटायचं, आता कळेल.

ते गेल्यावर मिस्त्रींसारखं बद्द काम करावं, म्हणजे तुला शंका यायची नाही, असं ठरवलं. दोन दिवस प्रयत्न केला. हात वळेना.

खोटं वाटत असेल तर तुझ्या गल्ल्यावरची बरणी वाजव. घरातून निघताना तू नेलेली, ती बाबांची. अगदी त्यांच्याच हातची. तुझ्याकडे तेवढी एकच आहे.

रविवारी येणार असशील तर ये. सामान बांधलेलं नाही. भट्टी लावलेली असेल, तेव्हा गोदामवाल्याला पांढरे कपडे घालू नको म्हणावं.

लोभ ठेवायचा की नाही ते बरणी वाजवून ठरव.

तुझी,
ठमी


ता. ७ फेब्रुवारी

भट्टीच्या मालकीणबाईंस, सा. न. वि. वि.

धाकट्या बहिणीला साष्टांग घालायची रीत नाही, मला ठाऊक आहे. पण मालाची मागणी मी बाबांना ह्याच मायन्यानं लिहायचो, आणि आता कळतंय की ती पत्रं कुणासाठी होती.

पत्र वाचून आधी रागच आला. मग वाटलं, ही थाप आहे, त्या तिसऱ्याला पाठीशी घालतेय. व्यापाऱ्याचं मन, त्याला दुसरं सुचत नाही. म्हणून गल्ल्यावरची बरणी पुढ्यात ओढली. ठमे, इतक्या वर्षांत ती मी कधी वाजवलीच नव्हती. ती कायम भरलेली. सुतळी, किल्ल्या, पेन्सिलींचे तुकडे, आणि तुझ्या वहिनीचं एक कानातलं, ज्यावरून तिनं मोलकरणीला काढून टाकलं होतं. ते प्रकरण आता वेगळं चाललंय.

सगळं ओतून टिचकी मारली.

जड वाजली. खालच्या सुरात, जरा थांबून, जरा खरखरत. तळ जाड आहे तिचा. बाबा पायऱ्या चढून वर आले की घसा साफ करायचे ना, तशी. तो आवाज मी पार विसरलो होतो. ज्याला मी जन्मभर बाबांचा नाद म्हणून गिऱ्हाइकांना ऐकवत आलो, तो तुझा. परक्याच्या हातात जाऊ देणार नाही म्हणून ज्याच्यासाठी तुझ्यावर गुरकावलो, तोही तुझाच. कानांचा एवढा तोरा मिरवला, आणि बाप कुठे थांबला, बहीण कुठे सुरू झाली, हे त्यांना कळलं नाही.

गोदामवाल्याला नाही म्हटलं. चहा पाजून म्हटलं, कारण आज मलाही हवा होता. जागा तुझ्या नावावर करायचे कागद वकिलाकडे दिलेत. रविवारी मी एकटाच येतो. जुने कपडे घालून. मिस्त्रींशेजारी पायरीवर बसेन, झडप मात्र उघडी ठेव.

पाटी रंगवणाऱ्याला बोलावलंय. काय लिहायचं ते अजून ठरत नाही. तुझी वहिनी म्हणते, खरं तेच लिहा, गिऱ्हाईक जाईल ते जाईल. मला जरा भीती वाटते, खोटं कशाला बोलू. तरी खरं तेच लिहीन.

ह्या खेपेला एक बरणी जास्त पाठव. विकायला नको. बाबांच्या बरणीशेजारी गल्ल्यावर ठेवणार आहे. सुतळी-किल्ल्यांसाठी पत्र्याचा डबा आणलाय. ह्यापुढे त्या दोन्ही रिकाम्याच राहतील.

तुझा लोभ उरला असेल, तर उरेल तेवढा ह्या फुटक्या कानांच्या भावासाठी राखून ठेव.

तुझा,
ससा