नातीनं शोधलेलं तुझं दुखणं

माय,

बाबाचा दमा तिकडे तरी बसला का? थोरल्या बहिणीचे गुडघे कसे आहेत? मामाला पानाशिवाय करमतं का, आणि आपली तांबडी गाय अजून सकाळी दूध देताना लाथ मारते का? इकडे सून बरी आहे, पोरगा बरा आहे, माझी साखर कधी वर कधी खाली, चालायचंच. तुझी तब्येत विचारायला मात्र हात अडतो, कारण हे सारं पत्र त्याचंच आहे.

नात पुसदला कॉलेजात शिकते. तिला प्रकल्प करायचा आहे, विषय आपल्याच गावचं पाणी आणि गावकऱ्यांची तब्येत. सुट्टीत घरी आली तशी ओट्यावर मोबाइल घेऊन बसली. ‘आमच्या गावातल्या लोकांचे दात पिवळे का असतात’ असं अख्खं वाक्य टाकलं, तर दात घासायच्या पेस्टच्या जाहिराती आल्या आणि लिंबू-मिठाचे उपाय. मग नुसतं ‘पाणी’ टाकलं, तर समुद्रापासून धरणापर्यंत सगळं जगाचं पाणी अंगावर आलं. वैतागली. म्हणाली, “आबाजी, मी विषयच बदलून राह्यली. मैत्रिणीनं प्लास्टिक घेतलं, तिले धडाधड भेटून राह्यलं.”

तुला माहीत आहे, मी विहिरीवरच्या मोटारी उघडून उघडून मोटारी शिकलेला माणूस. कोणी येऊन ‘मोटर बिघडली’ म्हणालं तर मला काही कळत नाही. पण ‘घूं घूं करते, फिरत नाही आणि फ्यूज उडते’ म्हणालं, की बसल्या जागी दुखणं हाती लागतं. म्हटलं, “पोरी, एक शब्द टाकशील तर सारा बाजार येते, अन् अख्खं गाऱ्हाणं टाकशील तर कोणीच येत नाही. ज्या खुणा एकाच जागी भेटतीन अशा दोन-तीनच निवड.”

“मॅडमनं हेच सांगितलं, आबाजी. पण खुणा कोणत्या, हे कोण सांगन?”

मी शहाणपणा करून ‘खारं पाणी’ सांगितलं. लोणच्याच्या कृती निघाल्या. ती पोट धरून हसली, मग म्हणाली, “दात ठेवा बाजूले. जुन्या माणसाईले काय होत होतं ते सांगा.” तेव्हा मी तुझं सांगितलं. पाठ फळीसारखी झालेली, मान वळायची नाही, कोणी हाक मारली तर तू अख्खी फिरायचीस. तिनं दात, हाडं आणि बोअरचं पाणी हे तिन्ही एकत्र टाकले आणि एक शब्द वर आला, फ्लोरोसिस. मग त्या शब्दाला तिनं जिल्ह्याचं नाव जोडलं, ‘भूजल’ जोडलं, ‘लहान मुलं’ जोडलं, तेच इंग्रजीतही टाकून पाहिलं. दर वेळी गोष्ट आपल्या गल्लीच्या जवळ येत गेली. तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं, खोल खडकातून पाण्यात उतरणारं काहीतरी असतं, त्यानं दातांवर डाग पडतात, वर्षानुवर्षं पिलं तर हाडं ताठतात, मान वाकत नाही.

मला तो मांडव दिसला. चुलत बहिणीचं लग्न आहे, सगळ्या सुना आजीच्या पायावर डोकं टेकवून राह्यल्या आहेत, आणि तू नुसते हात जोडून उभी आहेस. मोठी माय, तुझी थोरली जाऊ, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणते, “साहेबीण आली. हिची मान फक्त हापशीचा दांडा हाणताना हालते.” बायका हसतात. तू पदर सारखा करतेस. येताना बैलबंडीत मी विचारतो, “माय, तू काहून नाही वाकली?” तू म्हणतेस, “वाकणारे लय आहेत बापू. एखादा उभाही पाहिजे.”

त्या एका वाक्यावर मी उभा राहिलो. मारेगावच्या दुकानात कामाला होतो, तिथं शेठच्या रोज सकाळी पाया पडायची रीत होती. मी पडलो नाही, काम गेलं, आणि स्वतःचं दुकान टाकलं. आता ही पोरगी म्हणते, तो तर आजार होता.

राहवेना, म्हणून मोठ्या मायकडे गेलतो. तिला आता नीट ऐकू येत नाही, ओरडून सांगावं लागलं. तिनं सुपारी एका गालात सरकवली. “म्हणजे दुखण्यानं वाकत नव्हती? मंग मी इतके साल कायले जळली तिच्यावर?” मग मान हलवून म्हणाली, “हट. ते मोबाइलवालं खोटं आहे. मी पाह्यली तिले. तिले वाकायचंच नव्हतं.” आणि खरं सांगतो माय, तिच्या तोंडून ते ऐकून मला बरं वाटलं. पण घरी येईपर्यंत ते बरं वाटणं टिकलं नाही. बोअरवर हापशी बसली तेव्हा नारळ तूच फोडला होतास. पाहुण्याला तांब्या देताना म्हणायचीस, खोलातलं आहे, गोड आहे. आणि आज शेजारच्या पोराच्या दातांवर पांढरे पट्टे आहेत, तोही तेच पाणी पितो.

नात विचारते, “आबाजी, पणजीचं उदाहरण टाकू का? नाव नाही लिहीत. गावातलं खरं माणूस असलं तर लोक पाणी तपासाले देतीन.” सोमवारी प्रकल्प द्यायचा आहे. सांगतो, सांगतो म्हणत मी दुकानात जाऊन बसतो, चांगल्या मोटारी उघडतो. हो म्हणणं भाग आहे, हे मलाही कळतं. तरी जीभ उचलत नाही. तू वाकली नाहीस याचा मला जन्मभर गर्व होता, आणि तो कोणाला द्यायला मी तयार नाही, त्या पोराच्या दातांसाठीही नाही, असं माझं मन झालं आहे. हे घरात कोणाला सांगितलं नाही.

पाकिटावर पत्ता काय घालू, ते सुचत नाही. तरी विचारतो. त्या मांडवात तुला वाकता येत नव्हतं का, माय? दुखत होतं का? लवकर लिही. सोमवारच्या आधी.