गाळलेले नववे रीळ

उस्ताद, गेल्या रविवारी माझ्याच अंगणात, चारचौघांसमोर, मी तुमच्या नावावर खोटे बोललो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षे लोटली की ते खोटे पकडू शकेल असा माणूस आता भालकीत उरलेला नाही. म्हणूनच ते दुरुस्त करणे माझ्याकडे आले आहे. आज पुन्हा रविवार. चार वाजता मंडळी जमतील. बोलताना शब्द मागेपुढे होऊ नयेत, म्हणून आधी लिहून काढतो आहे. माझे शिक्षण चौथीपर्यंतचे. तरीही शुद्ध लिहिण्याचा माझा हट्ट तुम्ही नेहमी हसून चालवून घेतलात.

तुम्ही सिनेमाचे मशीन चालवीत होतात त्या आपल्या टॉकीजला लागलेला तो आकाशयानाचा विलायती चित्रपट तुम्हाला आठवत असेल, हिंदीत बोलणारा. दूरच्या एका ग्रहगोलावर आग लागते. तिथल्या तळाचे लोखंडी दार आतून कोणीतरी धरून ठेवल्याशिवाय यान सुटू शकत नाही, म्हणून कप्तान मागे राहतो आणि बाकीचे निघून जातात. त्या चित्रपटाचे पुढे कितीतरी भाग निघाले. आता तीच गोष्ट पहिल्यापासून, नवे नट घेऊन, नव्याने काढली आहे. माझी नात बीदरला नोकरी करते आणि सुट्टीला घरी येते. ती व तिचे मित्र कलबुर्गीला, म्हणजे आपल्या जुन्या गुलबर्ग्याला, जाऊन हा नवा चित्रपट दोनदा पाहून आले, आणि तेव्हापासून दर रविवारी माझ्या अंगणात त्यावर वाद रंगतो. यानाचा स्वयंपाकी हुकूम मोडून यानाच्या छोट्या उडत्या होडीतून कप्तानाला आणायला परत जातो. नव्या चित्रपटाची सगळी इमारत त्या एका प्रसंगावर उभी आहे, आणि या मंडळींना त्यातच सर्वांत मोठे भोक दिसते.

“होडीत इंधन एकाच फेरीचं,” नातीचा एक मित्र म्हणाला. त्याच्या घरचा ऊस आहे. “मग दोघं परत आले कशावर? हवेवर?”

“अरे, होडी हलकी करतो ना तो! सगळी भांडी बाहेर फेकतो,” नात म्हणाली.

“भांडी फेकून इंधन वाढतंय व्हय? मग उद्या अण्णाच्या ट्रॅक्टरातला ऊस रस्त्यात फेकतो, डिझेल किती उरतंय बघतो.”

सगळे हसले. हसले नाहीत ते गुरुजी. शेजारच्या गल्लीत राहतात. निवृत्त शिक्षक आहेत. जुना चित्रपट त्यांनी शाळकरी वयात आपल्याच टॉकीजमध्ये पाहिला होता, आणि त्याच्या प्रेमापोटी ते या पोरांमध्ये येऊन बसतात.

“भांडणच खोटं हाय तुमचं,” ते म्हणाले. “कुणी परत गेलंच न्हवतं. म्या इथंच बघितलंय. कप्तान जळत्या दारात ऱ्हातोय, आन् लगेच यानात हाताला पट्टी बांधून पाणी प्यायलाय. त्यो कप्तान न्हाई, त्याचा जुळा भाऊ. हे नवीन लोक कायबी घुसडायलेत.”

“जुळा भाऊ!” पोरे खुर्चीवरून पडायची बाकी राहिली. “गुरुजी, जुना सिनेमा मोबाइलवर हाय की. स्वयंपाकी त्यात बी जातोय. तुम्ही इसरायलाव आता.”

गुरुजींचा चेहरा उतरला. ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “घरात बी हेच म्हणायलेत. परवा सून म्हणाली, डॉक्टरला दाखवू. मला एवढं स्पष्ट दिसायलंय हो, आन् म्हणे ते न्हवतंच.”

उस्ताद, गुरुजी खरे बोलत होते. त्यांनी जे पाहिले तेच ते सांगत होते. ते त्यांना तसे कोणी दाखवले, हे आज केवळ मी जाणतो.

बाजाराच्या दिवशी तीनचा खेळ कधीही तीनला सुरू झाला नाही. खेड्यांतली माणसे पिशव्या सांभाळत येत, मालक दार उघडे ठेवीत. खेळ उशिरा सुटला तर ठाणाकुशनूरची शेवटची बस निघून जाई आणि बायाबापड्या लेकरांसह स्टँडवर अडकत. खेळ वेळेत संपावा यासाठी तुम्ही एक रीळ गाळीत असा. पण कसे गाळीत असा! रिळांची पेटी आली की सकाळी रिकाम्या टॉकीजमध्ये सगळा चित्रपट स्वतः पाहायचा, मगच ठरवायचे. “गाणं गाळ, मारामारी गाळ. गोष्ट नक्को गाळू. लोक बस पकडून घरी जातेत, पण गोष्ट बी संगट गेली पायजे,” असे तुम्ही म्हणत असा. दुसऱ्या दिवशी ते रीळ पुन्हा जागेवर. कितीतरी वर्षे तुम्ही असे केलेत आणि एकाही माणसाच्या लक्षात आले नाही.

तुमच्या मुलीच्या लग्नासाठी तुम्ही गुलबर्ग्याला गेलात आणि मशीनची केबिन माझ्यावर सोपवून गेलात. मी काही पोरगा नव्हतो, पंचवीस वर्षांचा संसारी माणूस होतो. तो चित्रपट तुम्ही उदगीरला पाहून आला होतात. निघताना इतकेच म्हणालात, “यात गाणी न्हाईत. मशीनवर घालून बघ, मग ठरव.” मी पाहिला नाही. सात वर्षे हाताखाली काम केलेल्या माणसाला हे सांगावे लागते, याचा मला राग आला होता. बाजाराच्या दिवशी मी केबिनच्या खिडकीशी उभा राहून एकेका रिळाचा चार हात तुकडा उजेडासमोर धरला. आठव्यात आग होती. दहाव्यात माणसे होती. नवव्यात निव्वळ काळे, मध्ये पांढरे ठिपके. रिकामे आकाश आहे, यात काय जाणार, असे म्हणून मी नववे रीळ डब्यात ठेवून दिले. मला दिसलेला एक ठिपका होडीचा होता.

खेळ वेळेवर सुटला. कोणी ओरडले नाही, कोणी शिटी मारली नाही. मला माझ्या हुशारीचे इतके कौतुक वाटले की पुढचे दोन्ही दिवस मी ते रीळ डब्याबाहेर काढलेच नाही. तुम्ही परत आलात त्या सकाळी पेटी निघून गेली होती. स्टँडवरच्या हॉटेलात चहावाल्याने तुम्हाला विचारले, “उस्ताद, मेलेलं माणूस जितं कसं झालं वो?” चहा अर्धा टाकून तुम्ही टॉकीजला आलात आणि कुठले रीळ, का गाळले, ते मला विचारून घेतलेत. तेवढ्यात मालकांच्याही कानावर गेले होते. ते दारातच गरजले, “कुणी केलं हे?” मी तोंड उघडण्यापूर्वी तुम्ही म्हणालात, “म्या सांगून गेलो होतो. नववं गाळ म्हणून.”

मी तोंड उघडण्यापूर्वी, असे वर लिहिले आहे. ते खोडत नाही, पण ते तितकेसे खरे नाही. मला पुरेसा वेळ होता.

मालकांनी केबिनची किल्ली तुमच्या हातातून काढून माझ्या हातात दिली. दुपारी तुम्ही मला घरी जेवायला नेलेत. चुलीपाशी बसवून चाचींनी गरम ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली. तुम्ही दोन घास झाल्यावर एवढेच म्हणालात, “काळं दिसलं म्हणून रिकामं समजलास व्हय? मशीनवर का न्हाई घातलास?” आणि चाचींना म्हणालात, “याला अजून एक भाकर दे.” त्यानंतर या विषयावर तुम्ही एक शब्द काढला नाहीत. गावाने मात्र काढला. पोरे तुम्हाला पाहून ‘रीळ खाणारा उस्ताद’ म्हणून ओरडत, तुम्ही हात वर करून सलाम करीत. मी अठरा वर्षे त्या किल्लीवर ताठ मानेने वावरलो.

गेल्या रविवारी गुरुजींचा तो चेहरा पाहून मी उभा राहिलो. म्हणालो, “गुरुजींचे बरोबर आहे. मूळ चित्रपटात तो प्रसंग आहे, पण या गावाला दाखवला गेला नाही. ते रीळ गाळले होते.” नातीने विचारले, “गाळलं? कामून? कुणी?”

माझे उत्तर तयार होते. इतक्या वर्षांत ते तोंडात बसून गेले होते. “आमच्या उस्तादांनी,” मी म्हणालो.

“तेच ते!” गुरुजी जवळजवळ ओरडले. “रीळ खाणारा उस्ताद! बघा, इसरलो न्हाई मी!” त्यांना इतका आनंद झाला होता की डोळे पुसावे लागले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. तुमच्या नावावर सगळे पुन्हा हसले. मी खाली बसलो, चहा घेतला.

एकाचे खरे सिद्ध करताना मी दुसऱ्याच्या नावावर पुन्हा खोटे चढवले. आज असे होणार नाही. धुतलेला सदरा घातला आहे, खुर्च्या स्वतः मांडल्या आहेत. चहा येण्यापूर्वी उभा राहीन आणि म्हणेन, “नववे रीळ मी गाळले. उस्ताद गावात नव्हते. त्यांनी सांगितले होते ते मी ऐकले नाही, आणि त्यांनी माझे नाव पुढे येऊ दिले नाही.” नात काय म्हणेल, सांगता येत नाही. हसली तर हसू दे. गुरुजींसमोर हात जोडायचे आहेत. त्यांच्या डोक्यात तो जुळा भाऊ मीच घातला.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? किल्लीपाशी ठेवतो. आपल्या टॉकीजचे सिमेंटचे गोदाम झाले आहे, पण किल्ली माझ्याजवळ आहे.

एक गोष्ट राहिली. तो चित्रपट मोबाइलवर दाखवते, असे नात कितीदा म्हणाली. प्रत्येक वेळी मी तिला सांगितले, “मला काय दाखवतेस? मी तो तीन दिवस चालवला आहे.” उस्ताद, स्वयंपाकी होडी कशी वळवतो, ते मी आजवर पाहिलेले नाही.